बटनावरचा हात

लावीन ना, साहेब. मी कुठं नाई म्हन्लं? पोरीची पसंती हाय तं लावीन. स्टेजवर येताना लावाचं ना — नवरी येते, आम्ही तो थंडा धूर सोडतो, अन् मंग गाणं. या सीझनले सप्पाच पोरींना हेच पायजे. तुमच्या बोरगाव मेघेतच मागच्या महिन्यात दोन लग्नं केली मी, दोन्हीत हेच. बसा ना, घाई काऊन करता. तारीख लिवली मी, सामान लिवलं — स्पीकर चार टॉप, चार बेस, दोन धुराच्या मशीनी. फक्त तुम्ही आता जे म्हन्लं ना, का गाणं भल्लं प्रेमाचं हाय, लिवणाऱ्यानं कोण्यातरी पोरीवर जीव टाकला असन — त्याच्यावर मी काही बोलत नाई. सप्पाच तसं म्हणतेत. — आता विचारूनच राह्यले तं सांगतो. ते पोरीवर नाई. मले माहीत हाय, कारण लिवणारा माहा भाऊ होय. सख्खा. अंकुश.

आम्ही वडनेरचे. मी माणिक, बोर्डावर नाव वाचलंच असन तुम्ही. अंकुश माह्याहून नऊ वर्षानं लहान. तो गावातच शाळेवर मास्तर लागला, मी इकडे हिंगणघाटले येऊन साउंडचं काम टाकलं. तो पेटी वाजवे, गाणं सोताच लिवे, चाल सोताच लावे. अन् त्याच्या लिवण्यात काय हाय, सांगू? काहीच नाई. चंद्र नाई, चांदणं नाई, कोणाचे डोळे नाई. घरात आपण पाणी मागतो ना, तसे शब्द. 'अर्ध्यात तुटली गोष्ट माही, बाकीची ऐकाले येजो. वाजा नको, वरात नको, तू एकटाच येजो.' पाहा आता. एकटाच. एकटीच नाई म्हन्लं त्यानं. बारा लाख लोकांनं ऐकलं, अन् एकाच्याबी ध्यानात नाई आलं का हा खरंच एका माणसाले बोलावून राह्यला. म्हणतेत, कवीनं पोरीच्या मनातलं लिवलं, वा. अन् वरात नको म्हणणारं गाणं वरातीत वाजते. वाजवतो कोण, तं मीच.

पुढचं पाहा. 'बटनावरचा हात तुहा मले अजून दिसते, आवाज गेला तरी मी म्हणतच होतो.' याच्यावर तं पोट्ट्यांनं रीली काढल्या — पोरगी पोराच्या शर्टाचं बटन लावून देते अन् मांगून हे गाणं. एका शिकवणीवाल्या सरानं खाली लिवलं होतं का हे भक्तीचं गाणं होय, बटन म्हणजे देवाच्या हातातलं जन्ममरणाचं बटन, अन् आवाज गेला म्हणजे प्राण गेला. चार हजार लोकांनं त्याले अंगठा देल्ला. — हसा, हसा. मीबी हसलो होतो. मले वाटलं शर्टाचंच होय. पह्यल्यांदा ऐकलं तवा घरी म्हन्लो, दोन लेकराचा बाप झाला अन् याले आता बटनं सुचून राह्यली.

कोणतं बटन? हे. असं इकडं या — हे मिक्सर, याच्यावरचं हे. हे खाली ओढलं का माइक बंद.

सहा वर्षं झाली त्याले. मे महिना, बायपासच्या लॉनवर लग्न होतं, मधुकरराव म्हणून पार्टी होती. जेवणं चालू असताना अर्धा घंटा अंकुशले स्टेजवर बसवलं होतं. मीच बसवलं, का म्हण बाबा तुही गाणी, लोकांच्या कानावर जाऊ दे. दोन गाणी झाली. तिसरं चालू होतं, बापाचं — बाप वावरातून येते, दाराशी पायतान काढते, एक पायतान उलटं पडते, अन् घरात सारे बसेल हायत पण ते सरळ कराले कोणी उठत नाई. असं. तर लोकं कल्ला करून राह्यले होते, डीजे लावा, डीजे लावा. पार्टीनंबी मले बोट दाखवलं, बंद करा म्हणून. मी बटन ओढलं. गाण्याच्या मधातच. शब्द तोंडात होता त्याच्या. त्यानं माह्याकडं पाह्यलं — वीस पावलांवर होता — अन् म्हणतच राह्यला. तोंड हालून राह्यलं, बोटं पेटीवर चालून राह्यली, आवाज नाई. दोन ओळी तसाच म्हन्ला. मंग पेटीवर कापड टाकलं अन् उठला. मी डीजे सोडला. पोट्टे नाचाले आले.

तो गेटवरूनच वडनेरची गाडी पकडून गेला. मी फोन केला नाई, त्यानंबी केला नाई. आधी वाटलं थंडा होईन. दिवाळी आली, गेली, दुसरी आली. असं तीन वर्षं. मंग हे गाणं आलं. त्याची घरवाली, नमिता — ती तवा माह्याशी कधी बोलत नव्हती, मी दिसलो का पदर घेऊन आत — तिनंच अंगणात मोबाइलवर गाणं घेतलं अन् टाकलं. नागपूरच्या कोण्या पोट्ट्यानं त्याले बीट जोडला, अन् लग्नात घुसलं ते. दोन सीझन वाजवलं मी. दोनशे लग्नं तरी असन. तुम्ही बसले ना, त्याच खुर्चीत बसून लोकं सांगत, ते एकटाच येजोवालं लावजा. मी म्हणो, लावीन.

मागच्या फेब्रुवारीत फोन आला. अंकुशले लकवा मारला. फळ्यावर लिवता लिवता खडू पडला, मंग तो पडला. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. मी गेलो तं उजवं आंग गेलेलं, तोंड वाकडं, वाचा बंद. नमिता बाहेर बाकावर बसेल होती. मी बाजूले उभा राह्यलो. अठरा वर्षांत पह्यल्यांदा ती माह्याकडं तोंड करून बोलली. म्हणे, "भाऊजी, तुम्ही गाणं ऐकलं नव्हतं काय?"

मी म्हन्लो, ऐकलं ना, रोजच वाजवतो.

"मंग आले काऊन नाई?"

मले समजलंच नाई, साहेब. खरंच नाई समजलं. मी म्हन्लो, कुठं आलो नाई? मंग तिनं सांगतलं. शाळा सुटली का तो रोज वडनेरच्या स्टँडवर जाऊन बसे. हिंगणघाटची गाडी पाहे अन् घरी जाये. दीड वर्ष. तिले म्हणे, गाणं एवढं पसरलं, दादाच्या — म्हणजे माह्या — दुकानात रोज वाजते, आता दादा येईन. बाकीच्याईले नाई समजलं तरी चालन, बटन कोणतं हे दादाले समजनच. गाणं गाजलं तवा तो लय खुश होता म्हणे — नावासाठी नाई, माह्यापर्यंत पोचलं म्हणून.

मी रडलो-बिडलो नाई. अजूनबी नाई. खाली आलो, चहा पेलो, दोन बिस्किटं खाल्ली, ते आठवते मले, कारण एक बिस्किट चहात पडलं अन् मी ते चमच्यानं काढत बसलो होतो. संध्याकाळची ऑर्डर होती, गेलो. गाणं मागतलं लोकांनं, लावलं. तिसऱ्या कडव्यात तो म्हणते, 'रुसून नाई गेलतो मी, ऐकू येत नव्हतं म्हणून गेलतो.' दोनशे वेळा ऐकेल होतं. त्या दिवशी ऐकलं. माह्यावर एका शब्दाचा बोल नाई ठेवला पोट्ट्यानं. लोकं याले विरहाचं कडवं म्हणतेत. माह्या आतमधी काही झालंच नाई. मी बेस थोडा कमी केला, बस.

— नाई, थांबा. ते म्हणू नका. माहा दोष नाई, पार्टीनं सांगतलं म्हणून केलं — असं म्हणू नका. हे मीच सप्पाले सांगत आलो. घरीबी तेच सांगतलं, तुम्हालेबी आता तेच सांगून बसलो. कोणी नाई सांगतलं, साहेब. मधुकरराव तं स्टेजच्या खाली ताट घेऊन उभा होता, घास तसाच हातात. कल्ला-बिल्ला काही नाई. सातशे माणूस चूप होतं. वाढणारेबी थांबले होते. बाया डोळ्याले पदर लावून राह्यल्या होत्या. अन् मी मांगे, वायरीच्या गुंत्यात. तो बाप माहाबी होता ना. ते पायतान मी कधी सरळ केलं नव्हतं, मी मोठा असून. गाण्यात माहं नाव नव्हतं कुठं, पण मले वाटलं हा माह्यावरच म्हणून राह्यला, सातशे लोकाईले सांगून राह्यला. मंग हात गेला. खोटं कशाले बोलू — गेला हात. नंतर नमिताले विचारलं त्या गाण्याचं, तं म्हणे, ते तं त्यानं सोतावरच लिवलं होतं.

आता दर ऐतवारी जातो मी वडनेरले. थोडी वाचा आली त्याले. एकच शब्द आला. हो. डॉक्टर म्हणतेत, या बिमारीत होते असं, एखादाच शब्द राहून जाते अन् सप्पा जागी तोच येते. मी बाजूले बसतो. पाणी देऊ? हो. पंखा बंद करू? हो. चालू ठेवू? हो. मागच्या ऐतवारी नमिता आत होती तवा मी विचारलं. म्हन्लं, अंकुश, कोणी सांगतलं नव्हतं, बटन मीच ओढलं, तुले माहीत होतं काय? हो म्हन्ला. मी म्हन्लं, मले माफ करशील काय? हो म्हन्ला, लगेच. म्हणून मी आखीन एकदा विचारलं — नाई करशील काय?

हो म्हन्ला.

हसून राह्यला होता का तोंडच तसं वाकडं राह्यते, ते काही समजलं नाई मले.

चला. तुमचं झालं ना सप्पा? लॉनवाल्याले सांगून ठेवजा, लाइन थ्री फेज पायजे. या तुम्ही आता, मले गाडी भराची हाय.