तिसरा रकाना

मंडळी, कामं टाकून तुमी समदे आलात. राठोड काकू, तुमच्याकडं बघून बोलायची हिंमत न्हाई, म्हणून खाली बघून बोलतो.

राठोड सर गेले. आपल्या हळद खरेदी केंद्रातला कॉम्प्युटर त्यांनीच सुरू केला, त्यांनीच सांभाळला. मी त्यांच्या हाताखालचा. मशीन अडकलं की सर चालू कामांची यादी काढायचे, जुन्या पद्धतीनं. कॉम्प्युटरला हुकूम टाइप करायचे: पीएस, जागा सोडून एएक्सएल. मधी डॅश न्हाई. म्हणायचे, "तिसऱ्या रकान्यातला नंबर घे, त्याच नंबरानं अडकलेलं काम बंद कर."

मी हसायचो. "सर, ही आजोबाच्या काळातली तऱ्हा. आता डॅश ईएफ लिहितेत." सर म्हणायचे, "लिही की. पण यादीची वरची ओळ, कुठल्या रकान्यात काय ते सांगणारी, वाचत जा, बाबा."

वाचली का मी? न्हाई वाचली.

काही वर्षांमागं, ऐन हंगामात, आवार हळदीनं भरलेलं, अन् मशीन अडकलं. सर जेवायला गेलते. मी नव्या पद्धतीनं यादी काढली आन् सवयीनं तिसऱ्या रकान्यातला नंबर उचलला. नव्या यादीत कामाचा नंबर दुसऱ्या रकान्यात असतो. तिसऱ्यात असतो त्याच्या बापाचा, म्हणजे ज्या मुख्य कामातून ते निघालं त्याचा. मी बापच बंद केला. सगळे वजनकाटे, सगळ्या पावत्या ठप्प. साखरा गावची माणसं दिवसभर उन्हात पोत्यांवर बसून राहिली.

मालकांनी विचारलं, "कुणी केलं?" मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "माझ्या हातून झालं."

मंडळी, ते सरांनी केलं न्हाई. मी केलं. मालकांनी त्यांना उठवून गेटवर राखणीला बसवलं, त्यांची खुर्ची मला दिली. लाज वाटली, तरी बसलो.

मागच्या महिन्यात डोंगरकडा गावी त्यांना भेटलो. म्हणलं, "सर, काहून केलं असं?" म्हणाले, "तुझं लेकरू लहान होतं रे. आन् गेटवर हवा बरी लागायची." हसले. "वरची ओळ वाचतो ना आता?"

वाचतो, सर. रोज वाचतो.

काकू, राठोडांचं डोकं चालंना, असं लोक बोलले. तुमी ऐकून घेतलं. माफी मागायला तोंड न्हाई मला.

मंडळी, इतकी वर्षं मी गप्प राहिलो, ते माझ्यासाठी. आता उठा. दोन मिनिटं गप्प राहू, सरांसाठी.