पाच हजार कोंबड्या आणि एक नात

सिस्टर: तिसऱ्यांदा आलेय, आजोबा. आज तरी नाही म्हणू नका.

आजोबा: घरात या खुशाल. शेडमध्ये नाही. पाच हजार कोंबड्यांना मानमोडीची लस चाललीय, बाहेरचं माणूस मी आत घेत नाही.

सिस्टर: मलाही लसच द्यायचीय. तुमच्या नातीला, गोवराची.

आजोबा: नको म्हणून सांगितलंय ना. पोर ठणठणीत आहे.

सिस्टर: कोंबड्या आजारी आहेत का?

आजोबा: छे. एकीच्या नाकाला पाणी नाही.

सिस्टर: मग लस कशाला?

आजोबा: आजारी पडल्यावर देऊन काय उपयोग? तहान लागल्यावर विहीर खणायची का?

सिस्टर: आणि थोड्या राहिल्या तर?

आजोबा: शेजारच्यानं गेल्या साली आळस केला. निम्म्यांना दिली, निम्म्या तशाच. चार दिवसांत निम्मी शेड रिकामी. बारकी पिल्लं असतात ना, लस न झालेली, ती मोठ्यांच्या भरवशावर जगतात. भोवतीच्या सगळ्यांना दिली तरच ती वाचतात. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला मी काय सांगायचं?

सिस्टर: सांगा की. मी घरोघर हेच सांगत फिरते, पण इतकं नीट मला जमत नाही.

सून: आपलं धाकटं बाळ पाच महिन्यांचं आहे, बाबा.

आजोबा: त्याचं काय मध्येच?

सून: त्याला नऊ महिन्यांआधी गोवराची लस देत नाहीत. आणि त्याची ताई दिवसभर त्याचे मुके घेत असते. मागच्या गल्लीत तीन पोरांना गोवर आलाय. एकाला श्वास घेता येईना, दवाखान्यात ठेवलंय.

आजोबा: कोंबड्यांची गोष्ट वेगळी.

सिस्टर: कशी?

आजोबा: पोरांना लशीनं ताप येतो.

सिस्टर: कोंबड्यांना काहीच होत नाही?

आजोबा: होतं ना. एक-दोन दिवस मलूल असतात. मग लागतात हिंडायला.

सिस्टर: मग?

आजोबा: कोंबड्या रडत नाहीत हो. मागच्या इंजेक्शनला हिला मीच धरलं होतं. असं बघितलं माझ्याकडं, जसं काही मीच टोचलं. आठ दिवस जवळ फिरकली नाही. तेव्हाच ठरवलं, पुन्हा नाही.

सून: एवढ्यासाठी? मला दोन वर्षं सांगत होतात, लशीत भेसळ असते म्हणून. पोर घरात असताना मी सिस्टरना सांगितलं, ती मामाकडे गेलीय.

आजोबा: मग काय, पोर रुसते म्हणून सांगू? चार लोक मला विचारून पक्षी पाळतात.

सून: मी आणते तिला. आता विचारत नाही.

(सून मुलीला कडेवर घेऊन येते.)

आजोबा: थांबा. डबा उघडा आधी. आत गार आहे ना? तारीख दाखवा. सुई नवी?

सिस्टर: सगळं बघून घ्या. आणि धरा तिला.

आजोबा: मला नाही जमायचं.

सिस्टर: सकाळपासून कोंबड्याच धरताय ना?

आजोबा: त्या मला आबा म्हणत नाहीत.

सून: राहू दे, मी धरते.

आजोबा: नको. दे इकडं. बाळा, तिकडं बघू नकोस. मीपण बघत नाही.

सिस्टर: झालं.

आजोबा: रडतेय.

सिस्टर: रडणारच.

आजोबा: आता आठ दिवस फिरकायची नाही.

सून: बाबा, डोळे उघडा. ती तुमच्याच गळ्यात पडून रडतेय.