दादाच्या घड्याळातलं ओरिजिनल

...आणि वर तो म्हातारा मलाच विचारतो, "घेण्याआधी का नाही आणलंत दाखवायला?" आता काय सांगू त्याला? आधी उघडून बघायचं, मग घ्यायचं, हे शहाण्यांचं काम. मला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही. जुन्या घड्याळांच्या दुकानात, काचेमागे, दादाचं सोन्याचं घड्याळ दिसलं... टेम्पोच्या दारात सापडून चेपलेली तीच कड... तसाच आत घुसलो, बदल्यात मोटरसायकलची चावी काउंटरवर ठेवली, घड्याळ उचललं आणि पायी पायी या दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्याकडे.

तुम्हाला सांगतो, विकलं होतं ते वहिनीनं. तिला बोल लावू नका. ते चावीचं घड्याळ नाही, हात हलला की चालणारं. हात थांबला की तेही दीड-दोन दिवसांत थांबतं. दादाला न्यायची वेळ झाली, सगळं घर गप्प, आणि त्याच्या मनगटावर टिकटिक टिकटिक. माणूस थांबलाय आणि हे चालूच! मीच काढलं हातातून. त्यानंतर वहिनीला ते घरात नकोच झालं.

तर म्हाताऱ्यानं डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि सुरू झाला. तबकडी नव्यानं रंगवलेली. काटे दुसऱ्या घड्याळाचे. मशीन हात हलला की चालणारंच, पण तेही तिसऱ्याचं, विकायला सजवलंय सगळं. मला वाटलं, डॉक्टरच सांगतोय... तोंड रंगवलेलं, हात दुसऱ्याचे, काळीज तिसऱ्याचं. म्हटलं, मग यात दादाचं काय राहिलं? तर म्हणे, बाहेरचं सोनं अस्सल आहे. अहो, सोनं काय दादाचं? सोनं सोनाराचं!

मग पट्टा अडकतो त्या बेचक्यात त्यानं सुई फिरवली. टोकावर काळपट मळ आला. "हा तेवढा ओरिजिनल," म्हातारा म्हणाला. "मनगटाचा घाम, वर्षानुवर्षांचा. साफ करून देतो."

मी त्याचा हात असा धरला की सुई खाली पडली. पुसायचं नाही म्हटलं. त्यानं वाकून सुई उचलली. मग म्हणाला, "मग घालूही नका. तुमचा घाम चढेल त्याच्यावर."

झाली का पंचाईत? घातलं तर दादा पुसला जाणार, नाही घातलं तर घड्याळ थांबणार. ओ की ठो कळत नाही मला, पण एवढं कळलं. वहिनीला न सांगता कपाटात दादाच्या शर्टांखाली ठेवलं. म्हटलं, थांबू दे. थांबलं तरी चालेल, दादा तर राहील.

थांबेचना.

आठवडा गेला, टिकटिक चालूच. काटे अगदी बरोबर वेळेवर. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात, मग हलवतंय कोण? गेलो म्हाताऱ्याकडे धावत. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. म्हणे, बंद पडलं तर आणा, चालणाऱ्या घड्याळाची तक्रार आम्ही घेत नाही.

घरी आलो तर वहिनी कपाटाच्या दाराला कान लावून उभी. म्हटलं, आता घर डोक्यावर घेणार. तिनं नुसता हात पुढे केला. किल्ली दिली. तिनं घड्याळ काढलं आणि माझ्या मनगटावर बांधायला लागली.

"अगं वहिनी, दादाचा मळ आहे तो... माझा घाम लागेल त्याला."

"लागू दे," ती म्हणाली. "निदान कुणाच्या हातानं चालतंय, ते तरी कळेल."