वळणावरची थाळी

हसायचं तर हसा, पण चहा संपेपर्यंत मध्ये बोलू नका. महाराज तेव्हा विलायतेला गेले होते आणि मी बडोद्याच्या बंबखान्यात नोकरीला होतो. घडियाळी पोळ नावाची गल्ली इतकी अरुंद, की आमचा बंब आत शिरायचाच नाही. म्हणून मी तिथल्या दुकानदारांना शिकवलं होतं: आग दिसली की थाळी बडवायची, शेजाऱ्याने ती ऐकून आपली बडवायची आणि सगळ्यांनी बादल्या घेऊन धावायचं.

वळणावर मगनभाईंचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांची थाळी वाजली नाही, तर पलीकडे काहीच ऐकू जायचं नाही. पावसाळ्यात मगनभाई वारले, दुकानाला कुलूप लागलं, आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमायचं आम्हाला कोणालाच सुचलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर भरदुपारी वळणाच्या अलीकडे तेलाचं दुकान पेटलं. अलीकडच्या थाळ्या वाजल्या. मी बादली घेऊन धावलो आणि मला वळण आठवलं: तिथे आता वाजवणारं कोणीच नव्हतं. तेवढ्यात पलीकडचे सगळे बादल्या घेऊन धावत आले! आग विझली, माणसं वाचली.

मी पलीकडच्या जेठाभाई अत्तरवाल्यांना विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"मगनभाईंची थाळी वाजली ने! तो आवाज मी ओळखणार नाही होय?"

आम्ही दोघं वळणावर गेलो, तर दुकानाचं कुलूप तसंच होतं. त्यावरचं कोळ्याचं जाळंसुद्धा तुटलं नव्हतं.

मी म्हटलं, "जेठाभाई, वळणावर आता दुसरा कोणी नेमू या."

त्यांनी बंद फळ्यांकडे बघत माझा दंड घट्ट धरला. "हळू बोला, साहेब. मगनभाईंनी ऐकलं तर पुढच्या वेळी वाजवणार नाहीत."