सोबत कोण होतं?

थोरली: फोन ठेव आता, आई. दंडाच्या सुनावणीला कधीही आत बोलावतील.

आई: ठेवते गं. बबडी विचारतेय, बसायला नीट जागा मिळाली का मला.

थोरली: लोखंडी बाक आहे आणि पाठीशी माझा स्वेटर घडी करून लावलाय, तेही सांग तिला.

आई: ती म्हणते, घाबरू नकोस, विचारतील तेवढंच बोल. आणि काठी हातातून सोडू नकोस. बघ, इतक्या लांबून किती काळजी पोरीला!

थोरली: हो ना. दुरून डोंगर साजरे. जवळचा डोंगर नुसता गाडी चालवतो.

आई: झालं तुझं सुरू? बहिणीवर एवढं जळणं बरं नाही.

थोरली: जळते मी, आई. सरळच सांगते, जळते. तिला बबडी, मला जन्मभर नुसतं 'अगं'. आठवड्यातून तीनदा तुला गुडघ्याच्या व्यायामाला मी घेऊन जाते, आणि तू मागच्या सीटवर बसून सगळा वेळ फोनवर तिच्याशी खिदळतेस. सगळ्या रस्त्यात माझ्याशी बोलतेस काय? 'ब्रेक हळू मार.'

आई: मग मारतेसच जोरात.

थोरली: परवा दवाखान्यातली ती मदतनीस मला म्हणते, 'तुमची धाकटी बहीण फारच करते हो आईचं.' करते! तेव्हा माझ्या एका हातात तुझ्या चपला होत्या आणि दुसऱ्यात तुझी पिशवी.

आई: मी तिला तसं काही सांगितलं नव्हतं. बबडीबद्दल दोन शब्द चांगले बोलले असेन. पण मी म्हणते, हा दंड भरून का टाकला नाहीस तू? एवढ्याशासाठी इथं येऊन ताटकळायचं.

थोरली: पैशाचं नाही गं. त्यांनी लिहिलंय काय ते वाचलंस? 'चालक गाडी निष्काळजीपणे सोडून निघून गेला.' निष्काळजी! मी! मी तुला आत नेत होते. ते विचारतील, सोबत कोण होतं. तू म्हण, ही होती. एवढं एक तुझ्या तोंडून चारचौघांत ऐकू दे मला, बाकी काही नको. म्हणशील ना?

आई: म्हणेन की. त्यात काय एवढं?

अधिकारी: या, आत या. सावकाश, आजी, घाई नाही. दवाखान्यासमोरची गाडी तुमचीच ना? हा फोटो बघा. मागचं चाक पिवळ्या रेघेवर आणि गाडीत चिटपाखरू नाही.

थोरली: माझीच, मॅडम. चाक रेघेवर आलं, ते कबूल आहे. पुढे टेम्पो उभा होता, आणि आईचं दार फुटपाथच्या उतारापाशीच उघडायला लागतं. नाहीतर तिला पाय टाकता येत नाही.

अधिकारी: चाकाचं राहू द्या. पेशंट उतरवायला तिथं थांबता येतं. भानगड आहे ती गाडी सोडून जाण्याची. पेशंटचा सोबती आत जाऊ शकतो, त्याला दंड नाही. पण सोबती वेगळा आणि गाडी चालवणारा वेगळा असेल, तर चालवणाऱ्यानं गाडीतच बसायचं आणि सांगितलं की हलवायची.

थोरली: मीच चालवत होते आणि सोबतही मीच होते.

अधिकारी: सगळे असंच म्हणतात हो. मागे एक जण मांजर घेऊन आला होता, हा माझा पेशंट म्हणून. आजी, तुम्ही सांगा. त्या दिवशी सोबत कोण होतं?

आई: धाकटी होती.

थोरली: आई!

अधिकारी: तुम्ही मध्ये बोलू नका. धाकटी म्हणजे धाकटी मुलगी का, आजी? मग या कोण?

आई: ही थोरली. ही गाडी चालवते.

अधिकारी: घ्या. म्हणजे सोबत एक आणि गाडीवर दुसरी. मग या गाडीत का बसल्या नाहीत?

थोरली: अहो मॅडम, धाकटी या देशात तरी आहे का! विमानात बसून यावं लागतं तिला. ती फोनवर होती, फोनवर!

आई: फोनवर का होईना, होती ना? सगळा रस्ता बोलत होती माझ्याशी.

अधिकारी: आजी, फोनवरचं माणूस सोबतीत धरता येत नाही.

थोरली: धरा की! घरात तीच धरली जाते, इथंही धरा. आंघोळीचं पाणी मी काढायचं, मोजे मी चढवायचे, गोळ्या मी द्यायच्या, आणि गुणाची कोण? तर ती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असतील. वर्षातून एकदा येते, चार दिवस आईचे केस विंचरते, आणि मग आई वर्षभर सांगत सुटते, काय हलका हात आहे बबडीचा! आणि मी रोज विंचरते ते? माझा काय दगडाचा हात आहे? राहू दे तो दंड. लिहा, ड्रायव्हर निष्काळजी होता.

अधिकारी: पाणी घ्या जरा. आणि जपून बोला, मीही घरातली धाकटीच आहे. आजी, मला सांगा, फोन कुठपर्यंत चालू होता? आत गेल्यावरसुद्धा?

आई: छे! दारात दोन पायऱ्या आहेत. तिथंच बंद करते मी. नेहमी.

अधिकारी: हात मोकळा हवा म्हणून?

आई: तेही आहेच. पण आत गुडघा वाकवतात ना, मॅडम. फार दुखतं हो. ओरडते मी. रडतेसुद्धा, अगदी लहान पोरासारखी. बबडीला ते ऐकवायचं नाही मला. तिला वाटतंय, आई मजेत आहे, चालायला लागली. लांबच्या माणसाला रडून काय दाखवायचं? जीव टांगणीला लागेल तिचा, आणि तिथून ती करणार तरी काय?

अधिकारी: मग आत तुमच्याजवळ कोण असतं?

आई: कोण म्हणजे? ही. हिचाच हात धरते ना मी. हिच्यासमोर मला लाज वाटत नाही. दुसऱ्या कुणासमोर मी अशी रडले नाही कधी, हिचे बाबा गेले तेव्हासुद्धा नाही. ही गाडीत बसून राहिली असती, तर मी त्या टेबलावर चढलेच नसते. अगं, दाखव त्यांना मनगट.

थोरली: कशाला आई, राहू दे.

आई: हातच्या काकणाला आरसा कशाला? कर बाही वर. हे बघा, मॅडम. ही माझी नखं. हे कालचं. हे त्याच्या आधीचं. त्या दिवशीचं आता दिसायचं नाही, पण असेल खाली कुठंतरी.

अधिकारी: बाही खाली घ्या. आजींची नखं कापत जा हो तुम्ही.

थोरली: परवाच कापलीत. तरी एवढी लागतात.

अधिकारी: बरं. मी लिहिते, सोबत थोरली मुलगी. दंड रद्द. अजून काही?

थोरली: तो 'निष्काळजी' शब्द, मॅडम. तो तसाच राहणार का?

अधिकारी: खोडला. हे बघा. या आता, आणि पुढच्या वेळी चाक रेघेच्या आत.

(परतीच्या वाटेवर गाडीत. आई मागच्या सीटवर, मांडीवर फोन, स्पीकर चालू.)

धाकटी: काय झालं, आई? सुटलो का?

आई: सुटलो गं, बबडी! दंड रद्द. तू सांगितलंस तसंच बोलले सगळं.

धाकटी: बघ! म्हटलं नव्हतं मी? ताई, ऐकतेयस ना? वकिलाची फी लागू झाली माझी.

थोरली: ऐकतेय.

धाकटी: नुसतं 'ऐकतेय'? अगं, जरा हसून बोलत जा माझ्याशी. तुझं बरं आहे, बाई. आई उठता-बसता तुझ्याजवळ. माझ्या वाट्याला नुसता आवाज. खरं सांगू? कधीकधी इतका हेवा वाटतो तुझा, की फोन ठेवल्यावर जेवण जात नाही मला.

थोरली: तुला? माझा?

धाकटी: मग काय शेजारणीचा? जाऊ दे. आई, गुडघा कसा आहे? दुखत नाही ना?

आई: छे गं! मजेत आहे मी. पळायला लागेन आता.

धाकटी: पण एक कळेना. मी तर एवढंच सांगितलं होतं, काठी सोडू नकोस. तेवढ्यावर दंड रद्द झाला? तू नेमकं बोललीस काय तिथं?

आई: अगं, ब्रेक हळू मार.

थोरली: मारला नाहीये, आई. सिग्नलला उभी आहे गाडी.

धाकटी: आई टाळतेय. ताई, तू सांग. तू होतीस ना तिथं?

थोरली: होते. मीच होते तिथं.

धाकटी: मग सांग की, काय म्हणाली आई?

थोरली: नाही सांगणार. तेवढं एक माझ्याकडे राहू दे.