पत्रिकेतलं वाहनसुख

गाडीच्या परवान्याच्या चाचणीसाठी नातीसोबत रांगेत उभी होते. पुढे माझ्याच वयाच्या दोन बहिणी होत्या.

"ताई, माझ्या हातांना घाम सुटलाय. घरी जाऊ या."

"साठी उलटली, आणखी किती थांबणार?"

"माझ्या पत्रिकेत वाहनसुख लिहिलं होतं."

"मिळालं की! जन्मभर मागच्या सीटवर बसलीस."

"तुझ्या पत्रिकेत तर वाहनापासून धोका होता."

"म्हणूनच हट्टाने शिकले. दुपारी बाबा झोपले की त्यांची सायकल पळवायचे."

"आणि मी फाटकाशी राखण करायचे. मलाही चालवावीशी वाटायची गं."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटायचं, लिहिलंय ते आपोआप येईल."

"पुढचा नंबर!" खिडकीतून हाक आली.

"जा. पास झालीस तर घरी जाताना गाडी तू चालव. मी मागे बसते. वाहनसुख म्हणतात ते मलाही कळू दे."