देवासमक्ष बोललेलं खोटं

मंडळी, बसलात ना नीट? मागचे जरा पुढं सरका — देवळात मागचा बाक आधी भरतो, ही आपली खोड काही जात नाही! तर एक विचारतो. माणूस देवासमोर उभा राहतो, तो नेमका कुठं? तुम्ही म्हणाल, 'बुवा, हे काय विचारणं झालं? देवळात!' बरं. मग रविवारी देऊळ सुटलं की आपणही सुटलो? घंटा झाली, शाळा सुटली?

तुझ्यापुढे उभा प्रभू, काय झाकू, कुठे?
मी मिटले डोळे तरी तुझे राहती उघडे!

ऐका. नगरकडच्या एका तालुक्याच्या गावात सायमन घाटविसावे नावाचे मास्तर राहत. पेन्शनीत निघालेले, अंगानं काटकुळे, आवाज मात्र खणखणीत! तिथल्या ख्रिस्ती देवळात बायबलचा शास्त्रपाठ वाचायचे ते हेच. आणि पाळकसाहेबांनी 'आपण देवासमोर उभे राहू' म्हटलं, की सगळ्यांच्या आधी उठायचे तेही हेच. बाकीच्यांचे गुडघे कडकड वाजतायत, तोवर मास्तर ताठ!

मास्तरांची लेक प्रिस्किला. तिचा साखरपुडा झालेला, मंडळीचे वडील, म्हणजे देवळाचे पंच, तिमथीराव वडागळे यांच्या मुलाशी, सुहासशी. घर मोठं, दारात जीप. मास्तरीणबाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

एका बाजारच्या दिवशी मास्तर मेथीची जुडी हातात धरून रस्त्याच्या कडेला उभे होते. तेवढ्यात जीप आली — सुसाट! भाजीवाल्या कौसाबाईच्या पायावरून चाक गेलं. पाय मोडला बिचारीचा. जीप चालवत कोण होतं? सुहास! शेजारी बसलेला ड्रायव्हर लहानू बोंबलत होता, "दादा, ब्रेक दाबा! ब्रेक!" मास्तरांनी हे दहा हातांवरून पाहिलं.

पण पोलिसांच्या कागदावर नाव कुणाचं आलं? लहानूचं! आणखी पन्नास जण होते की बाजारात. त्या पन्नासांना काहीच दिसलं नाही. डोळ्यांची साथ आली होती जणू! लहानूला जामीन राहायला कोणी नाही. तो बसला आत.

मास्तर तिथं होते, हे लहानूच्या वकिलाला कळलं. त्यानं त्यांना साक्षीला बोलावलं. आदल्या संध्याकाळी तिमथीराव चहाला आले.

"मास्तर, लबाड बोला असं मी म्हणणार नाही हं. गर्दी होती, धूळ होती. दिसलं नाही, एवढंच म्हणा. मे महिन्यात पोरांचं लग्न आहे."

बघा, किती सभ्य! पापसुद्धा बशीत ओतून, फुंकर घालून दिलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर कोर्टात उभे राहिले. "मी देवासमक्ष शपथ घेतो, की खरं सांगेन." खणखणीत!

"जीप कोण चालवत होतं?"

"धूळ होती, साहेब. दिसलं नाही."

झालं! दोन मिनिटांचं काम. पिंजऱ्यातल्या लहानूनं मास्तरांकडं पाहिलं, मग मान खाली घातली. मास्तरांना वाटलं, बरं झालं, बघत नाही.

रविवार आला. पाळकसाहेब म्हणाले, "आपण देवासमोर उभे राहू." सगळे उठले. आणि मास्तर? बसलेले!

"अहो, उठा ना! लोक बघतात," मास्तरीणबाईंनी कोपर मारलं.

गुडघे ठीक होते, मंडळी. मास्तर उठायला गेले आणि कानात आपलाच आवाज आला — देवासमक्ष! कोर्टात ते उभे होते तेव्हा समोर फक्त साहेब होता, असं त्यांनी धरलं होतं. देव तिथंही होता की! त्याच्याच तोंडावर आपण म्हणालो, दिसलं नाही! वीज पडली नाही, देवदूत आला नाही. एक म्हातारा बाक घट्ट धरून बसून राहिला. बस.

घरी येऊन त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. म्हणाले, "आता तूच सांग, बाळ. मी बोललो, तर तुझं लग्न मोडेल."

प्रिस्किलानं एवढंच विचारलं, "पपा, लहानू आत आहे हे ठाऊक असून सुहास परवा आपल्याकडं पोटभर जेवून गेला?"

मास्तरांनी मान डोलावली.

"मग मला काय विचारता?" ती बोटातली अंगठी काढायला लागली. निघेना! मोरीत जाऊन साबण लावून काढली. मास्तरीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

सोमवारी मास्तर स्वतः वकिलाकडं गेले. अर्ज झाला, साक्ष पुन्हा झाली.

न्यायाधीशसाहेब म्हणाले, "म्हणजे मागच्या वेळी खोटं बोललात? खटला होईल तुमच्यावर."

"होऊ द्या, साहेब. जीप सुहास चालवत होता. मी पाहिलं."

लहानू सुटला. सुहासवर खटला भरला. तिमथीराव दुसऱ्या देवळात जायला लागले. मास्तरांनाही शिक्षा झाली — कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची! दुपारी लेक डबा घेऊन आली. शेजारच्या बाकावर बसलेला कोंबडीचोर म्हणाला, "बाबा, लोणचं आहे का?" दिलं मास्तरांनी.

तुम्हाला वाटेल, मग लहानू येऊन पाया पडला असेल. छे! तो वाटेत आडवा आला आणि म्हणाला, "मास्तर, चार महिने माझी पोरं दुसऱ्याच्या दारात जेवली. तुम्हाला पहिल्याच दिवशी बोलता येत होतं."

मास्तरांनी शास्त्रातलं वचन सांगितलं नाही. कारण सांगितलं नाही. "होय रे, येत होतं," एवढंच म्हणाले, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत भर उन्हात त्याच्यासमोर उभे राहिले.

हे मास्तरांचं झालं, मंडळी. ते सोडा! आता आपल्याला प्रार्थनेला उभं राहायचं आहे. पण घाई नाही. इथं कुणाला तरी आत्ता एखादं घर आठवलं असेल, एखादं तोंड डोळ्यांपुढं आलं असेल — त्यानं आधी तिकडं जाऊन यावं. संकोच नको, दार उघडंच आहे. पेटीवाले, तुम्ही सूर धरून ठेवा.

आम्ही थांबतो.